हाऊ कसा मरी?

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. बाकीची सगळी कामं माझ्याकडे देऊन पाहिल्यावर घरच्यांनी हा निर्णय घेतला. लग्न असो, बारसं असो, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "सुधाकर, मालूआत्याची सांग." मग मी सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. एक गोष्ट मात्र मी सांगत नाही. तिच्या जवळ आलो की मला एकदम तहान लागते, नाहीतर कुणाला तरी फोन करायचा राहिलेला आठवतो. ती गोष्ट लाजेची आहे. माझी लाज असती तर केव्हाच सांगून टाकली असती. स्वतःच्या लाजेवर चार माणसं हसवण्यात माझा जन्म गेला. ही लाज आत्याची आहे. ती आता नाही, आणि ही गोष्ट सोडून तिच्या बाकीच्या गोष्टी सांगत राहणं म्हणजे डबा दाखवून आतलं लपवण्यासारखं आहे, असं हल्ली वाटायला लागलंय.

मालूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आम्ही धुळ्याचे. तिने लग्न केलं नाही. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एका काकूंनी एकदा विचारलं, तेव्हा आत्याने उलट विचारलं, "तुम्ही का केलंत?" काकू तडक घरी गेल्या, आणि आमच्या काकांचं त्या दिवशीचं जेवण गेलं.

जळगावच्या एमआयडीसीत एक छोटा कारखाना होता. शेतातल्या पाण्याच्या मोटारीचे कंट्रोलर तिथे बनत. शेतकऱ्याने घरी बसून मोबाईलवरून मोटार चालू करायची. एखादा फेज गेला, विहिरीतलं पाणी संपलं, तर डब्याने स्वतःच्या अकलेने मोटार थांबवायची. डबे जोडणारी माणसं खाली शेडमध्ये बसत. डबा कसा असावा, त्यात काय घालावं, हे ठरवणारी चार-पाच तरुण पोरं-पोरी वर पत्र्याच्या खोलीत. त्या खोलीला 'डेव्हलपमेंट' म्हणत आणि आत्या तिची प्रमुख होती. उन्हाळ्यात ती खोली इतकी तापायची की तापमानाची चाचणी घ्यायला वेगळं यंत्र लागत नसे. आत्या म्हणायची, डबा आणि डबा बनवणारा, दोघांची चाचणी एकदमच होते.

मी तिथे कसा पोचलो ते विचारू नका. वडिलांनी बहिणीला गळ घातली. मी बनवलेली पहिली आणि शेवटची वस्तू म्हणजे एक टायमर. तो वेळ अगदी ठामपणे दाखवायचा, पण कुठल्या गावची ते कळायचं नाही. त्यानंतर आत्याने माझ्याकडे सामान मागवणं, बोर्ड बनवून घ्यायला बाहेर पाठवणं आणि चहा, ही खाती दिली. कारखान्यात तिला मॅडम म्हणायचं असं घरून बजावलेलं. पहिल्याच दिवशी शेठजींसमोर माझ्या तोंडून "मॅडमआत्या" गेलं. पुढे सगळी खोली तिला पाठीमागे तेच म्हणायची.

आत्याची एक रीत होती. कुणी नवीन काम घेऊन आलं की ती आधी ते उलटं धरायची. समोरची बाजू सगळेच चांगली करतात, म्हणायची. मग चष्म्यावरून त्या पोराकडे बघत एकच प्रश्न: "हाऊ कसा मरी?" हा कसा मरेल? एरवी तिचं बोलणं शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध, पण हा प्रश्न अहिराणीतच. नाशिकहून आलेल्या पोरांनाही पहिल्या आठवड्यात तो पाठ व्हायचा. "मरणार नाही मॅडम" असं जो म्हणेल त्याचं काम न बघता परत. जो म्हणेल, हा उन्हाने मरेल, वीज पडली तर असा मरेल, मुंग्या शिरल्या तर असा, त्याला ती बसायला सांगायची. वस्तू बनवणाऱ्याला तिचं मरण आधी दिसलं पाहिजे, मग जगवायचं कसं ते आपोआप सुचतं, हे तिचं सगळं शास्त्र.

हे शास्त्र ती घरीही चालवायची. माझं लग्न ठरवायला आम्ही मुलीकडे गेलो. पोहे झाले, सगळे गोड बोलत होते. आत्याने शोभाला विचारलं, "हे लग्न मोडलं तर कशाने मोडेल?" माझे वडील पोह्यातली मिरची शोधायला लागले. शोभाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "यांच्या आळसाने." आत्या उठली आणि म्हणाली, "मुलगी पास." माझ्या पास-नापासाचा विषयच निघाला नाही. लग्न टिकलंय. कारण आधीच माहीत असल्यामुळे शोभा त्यावर रोज काम करते.

शनिवारी दुपारी खोलीत 'दहावं' असायचं. शेतावरून मेलेला डबा परत आला की तो टेबलावर मधोमध ठेवायचा, सभोवती सगळ्यांनी बसायचं, चहा-बिस्किटं यायची आणि एकेकाने सांगायचं की हा कशाने गेला असावा. ज्याने बनवला त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं. आणि एक गोष्ट अजिबात म्हणायची नाही: ग्राहकाची चूक. शेठजीही वर येऊन बसायचे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून येऊन कापसाच्या धंद्यात पडले होते. शेठजींची अहिराणी आमच्यापेक्षा चांगली होती आणि बिस्किटांवर त्यांचा विश्वास होता.

एकदा यावलकडच्या एका केळीच्या बागेतून डबा आला. सुनीता नावाच्या मुलीने तो बनवला होता. उघडला तर आत सगळं लालेलाल. सुनीता म्हणाली, गंज. आत्याने डबा नाकाशी नेला. कुंकू होतं. दसऱ्याला त्या घरच्या बाईने इतर अवजारांबरोबर या डब्याचीही पूजा केली होती. पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, वर नारळ फोडला. आणि वायर आत जायचं भोक डब्याच्या माथ्यावर होतं. एक मुलगा म्हणायला गेला, "पण विजेच्या डब्यावर पाणी घालणं म्हणजे ग्राहकाची..." आणि तिथेच गप्प झाला. आत्या म्हणाली, "तिने आपल्या डब्याला देव मानलं. आपण देवाच्या डोक्याला भोक ठेवलं."

सुनीता रडली. आत्याने तिला रडू दिलं, आणि मग नवा डबा घेऊन स्वतः यावलला जाऊन त्या बाईंची माफी मागायला लावली. सुनीता संध्याकाळच्या एसटीने केळीचा अख्खा घड घेऊन परत आली. तेव्हापासून आमचं प्रत्येक भोक खालच्या बाजूला. कुणाच्या नकाशात वरून काही उघडं दिसलं की खोलीतलं कुणीही नुसतं "दसरा" म्हणायचं, की काम परत.

अशी शिकलेली पोरं टिकणार कशी? पुण्याच्या कंपन्या त्यांना उचलायच्या. सुनीता गेली, तिच्यानंतर आणखी एक गेला. दर वेळी आत्या स्वतःच्या पैशाने पेढे वाटायची आणि शेठजी पेढा खात खात म्हणायचे, "मॅडम, रोप आपलं, पाणी आपलं, आणि घड पुण्याला?" आत्या हसायची. शेवटी एकदा शेठजी हसले नाहीत. दार लावून बोलले, पण पत्र्याच्या खोलीचं दार लावून काय होतं? बाहेर मला सगळं ऐकू आलं. तयार बोर्ड आता बाहेर स्वस्तात मिळतात. नवीन मॉडेल करणारा माणूस इथे टिकणार असेल तर खोली चालेल. अजून एक गेला, तर बंद.

ती खोली गेली असती तर आत्याला काय उरलं असतं? धुळ्याचं घर, त्यातली भावजय, आणि मी. त्या दिवशी तिने डब्यातलं भरीत तसंच परत नेलं.

त्यानंतर योगेश आला. धरणगावजवळच्या एका खेड्यातला, डिप्लोमा झालेला. अंगाने काटकुळा, बोलायला कमी. पण एखादं सर्किट त्याच्यासमोर ठेवलं की त्याचे डोळे असे फिरायचे जसे मुरलेल्या पत्तेबाजाचे पत्त्यांवरून फिरतात. नवीन मॉडेल त्याच्याकडे दिलं गेलं. त्याने पहिला नकाशा आणून आत्यापुढे ठेवला. आम्ही सगळे कान देऊन बसलो. आत्याने तो उलटा धरला नाही. सरळच पाहिला आणि म्हणाली, "छान."

मला तर ठसकाच लागला. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. माझ्या मुलीच्या बारशालाही ती "बाळ ठीक आहे" म्हणाली होती. मग हे नेहमीचंच झालं. बाकीच्यांना प्रश्न, योगेशला छान. बाकीच्यांचे डबे दहाव्याला, योगेशचा कधीच नाही. त्याचे डबे मरतच नव्हते ना! आणि ते का मरत नव्हते हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. दुपारच्या सुट्टीत सगळे खाली जेवायला जात. मी आणि आत्या रोज धुळ्याहून एसटीने येताना आणलेला घरचा डबा वरच खायचो. ती चार घास खाऊन उठायची, योगेशचा नकाशा कॉम्प्युटरवर उघडायची, कुठे एक भाग वाढव, कुठे दोन रेषांत अंतर ठेव, एखादं भोक वरून खाली आण, आणि मग मला म्हणायची, पाठव बोर्ड बनवायला. बनून आलेला बोर्ड आपल्या नकाशाहून थोडा वेगळा दिसला की योगेश विचारायचा. आत्या सांगायची, "बोर्डवाले करतात असले किरकोळ बदल." त्याने विश्वास ठेवला. मला वाटायचं, लाड चाललेत. आणि मी भाकरीबरोबर थोडा हेवाही खायचो.

दोनेक वर्षं अशी गेली. नवीन मॉडेल धुळे-जळगावच्या बाजारात चांगलं चाललं. शेठजी खूश, खोली शाबूत.

मग एका दुपारी योगेश आत आला आणि आत्यासमोर उभा राहिला. खोलीत आम्ही तिघंच होतो. मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, चुकलो. माफ करा. तुम्हाला न सांगता पुण्याला मुलाखतीला गेलो होतो."

आत्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"नाही घेतलं त्यांनी," तो म्हणाला. "माझाच डबा नेला होता दाखवायला. तिथल्या एका बाईंनी बघितला, आणि विचारलं, हा कशाने बंद पडेल? मी म्हटलं, अजून पडला नाही. त्या हसल्या पण नाहीत. म्हणाल्या, पुढच्या मुलाला पाठवा." मग त्याने मान वर केली. "तुमचाच प्रश्न होता, मॅडम. तुम्ही सगळ्यांना विचारता. मला कधी विचारला नाही. माझं बरोबरच असायचं म्हणून ना?"

त्याच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला खरोखरच माहिती हवी होती. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या किटलीकडे पाहिलं. माझ्या आत्याच्या चेहऱ्यावर असं काही मी तोवर बघितलं नव्हतं. भर बाजारात कुणी पदर ओढावा तशी ती दिसत होती. एवढंच म्हणाली, "आज घरी जा, योगेश. शनिवारी ये."

शनिवारी टेबलावर मेलेला डबा नव्हता. योगेशचा नवीन कंट्रोलर होता, चालू, हिरवा दिवा लागलेला. शेठजी बिस्किट उचलता उचलता म्हणाले, "अहो, हा तर जिवंत आहे."

"आज डब्याचं दहावं नाही," आत्या म्हणाली. "माझं आहे. सांगा एकेकाने, मी कशाने गेले."

कुणाला काही कळेना. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मला कळलं होतं, पण मी चहा ओतत होतो आणि कप केव्हाच भरून वाहायला लागला होता.

"बनवणाऱ्याने शेवटी बोलायचं असा नियम आहे," ती म्हणाली. "तुम्ही कुणी बोलत नाही, तर मीच बोलते. योगेशच्या कामात चुका होत्या. सगळ्यांच्या असतात. तुमच्या मी इथे मांडल्या. त्याच्या मी गुपचूप दुरुस्त केल्या आणि त्याला छान म्हटलं. कच्चा राहिला तर कुठे जाणार नाही, म्हणून. ही खोली राहावी म्हणून."

शेठजींनी बिस्किट खाली ठेवलं. "मॅडम, ते तर मी तुम्हाला..."

"ग्राहकाची चूक इथे चालत नाही, शेठजी."

मग ती योगेशकडे वळली, आणि तिची ती शुद्ध भाषा कुठच्या कुठे गेली. "मनी चूक शे, योगेश," ती म्हणाली. माझी चूक आहे. एरवी प्रश्न विचारण्यापुरती काढलेली बोली तिने त्या दिवशी उत्तरासाठी वापरली.

योगेशने हात लावून कंट्रोलर बंद केला. हिरवा दिवा गेला. "मी परवा तुमची माफी मागितली, मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही मागू दिलीत." आणि तो जिना उतरून गेला.

त्या संध्याकाळी बसस्टँडवर आम्ही धुळ्याच्या गाडीची वाट बघत होतो तेव्हा मीच तिला समजवायला गेलो की जाऊ दे आत्या, पोराचं नुकसान काही झालं नाही, पगार तर चालू होता. तिने माझ्याकडे असं पाहिलं की गाडीत बसल्यावर सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत काढला.

दोन-तीन दिवस योगेश आला नाही. मग एका सकाळी आला, तो आपला सगळ्यात पहिला नकाशा घेऊन. तिने हात न लावलेला. तो त्याने आत्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "विचारा."

तिने नकाशा उलटा धरला आणि विचारलं.

त्यानंतरचं वर्ष त्या खोलीत फार कमी हसणं झालं. आत्या त्याला सोडत नव्हती आणि तो तिला. सकाळी आणलेलं काम दुपारी परत, दुपारचं संध्याकाळी परत. त्याचे डबे दहाव्याला यायला लागले, तो शेवटी बोलायला लागला. पण शनिवारचा चहा त्याने तिच्याबरोबर कधी घेतला नाही. कप उचलून खिडकीशी जायचा. ती ते बघायची आणि पुढचा प्रश्न विचारायची.

वर्षाने त्याच पुण्याच्या कंपनीने त्याला घेतलं. या वेळी पेढे त्यानेच वाटले. आत्याच्या हातावर एक ठेवला, नमस्कार केला आणि गेला. शेठजी शब्दाचे पक्के, हा त्यांचा मोठा दोष. त्यांनी आत्याला शाल दिली, नारळ दिला, डोळे पुसले आणि खोली बंद केली. आता तिथे बाहेरून आलेल्या तयार बोर्डांचे खोके असतात. मला खाली माल पाठवण्याच्या कामावर घेतलं. तिथे मी बरा आहे. खोक्याला 'वरची बाजू' असा बाण असतो, त्यामुळे चुकायला फारसा वाव नाही.

आत्या धुळ्याला घरी बसली. त्यानंतर तिने छान हा शब्द कशालाच लावला नाही. माझ्या मुलीने दिवाळीत अंगणभर रांगोळी काढली तर म्हणाली, "दूधवाला कुठून येतो ते बघून काढायची होतीस." मुलगी रुसली. मला मात्र बरं वाटलं.

मध्ये सुनीता आणि जुन्या पोरांनी मिळून जळगावला तिचा सत्कार ठरवला. मला फोन आला, मी आनंदाने तिला सांगायला गेलो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "गुडघा दुखतो म्हणून सांग."

"कुठला?"

"लोकांना पटेल तो." मग मेथीची नवी जुडी सोडत, "योगेश येणार आहे का?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"तरी गुडघाच सांग," ती म्हणाली. आपल्याला गुरू म्हणून हार घालतील, या कल्पनेनेच तिचे कान तापलेले दिसत होते.

ती जाण्याआधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. आत्या तेव्हा बहुतेक वेळ पलंगावरच असायची. एका रविवारी दारात गाडी थांबली आणि योगेश उतरला. डोक्यावरचे केस मागे गेलेले, पोट थोडं पुढे आलेलं. काटकुळेपणाची काही खूण राहिली नव्हती. बगलेत एक खोका होता. शोभाने पाणी दिलं, ते त्याने उभ्यानेच प्यायलं. आत जाऊन पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला आणि खोक्यातून एक राखाडी डबा काढून आत्याच्या मांडीवर ठेवला. "माझा आहे, मॅडम," म्हणाला. "सगळा माझाच."

आत्याने चष्मा मागितला. मी शोधून दिला. डबा खरोखर देखणा होता. तिने त्याच्यावरून हात फिरवला, कडा चाचपल्या, झाकण उघडून आत पाहिलं, खूप वेळ. योगेश एखाद्या शाळकरी पोरासारखा ताठ बसला होता. तिचे ओठ हलले. मला भीती वाटली की आता ती तो शब्द म्हणणार. म्हातारपणी माणसं मऊ होतात. योगेशलाही तीच भीती वाटली असावी, कारण त्याने स्टुलाची कड धरली.

तिने सावकाश, दोन्ही हातांनी, डबा उलटा केला. "हाऊ कसा मरी?"

योगेशचा श्वास सुटल्याचा आवाज मला दारापर्यंत आला. तो सांगायला लागला. उन्हाने असा, विजेच्या झटक्याने असा, पाली शिरल्या तर असा. प्रत्येक मरणाला त्याने काय बंदोबस्त केला तेही सांगितलं. ती मान हलवायची आणि म्हणायची, "आखो?" आणखी? तो आणखी सांगायचा. शेवटी तो थांबला. म्हणाला, "एवढंच, मॅडम. बाकी नाही."

आत्याने डबा पुन्हा सरळ केला. माथ्यावर एका कोपऱ्यात, वायर नेण्यासाठी, एक लहानसं भोक होतं, वर काळं रबर बसवलेलं. तिने त्यावर अंगठा ठेवला.

"दसरा," ती म्हणाली.

योगेशने मुद्दाम ठेवलं असेल, असं क्षणभर माझ्या मनात आलं. पण तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. असं ठरवून होता येत नाही. त्याने डबा हातात घेतला, त्या भोकाकडे बघत राहिला, आणि खिशातून पेन काढून त्याच्याभोवती गोल केला. आत्या उशीला टेकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोलीत कुणीतरी दुसरं शरमलेलं होतं, आणि ती त्याच्याकडे अगदी निवांत बघत होती.

शोभा चहा घेऊन आली. योगेशने कप घेतला आणि खिडकीकडे न जाता स्टूल पलंगाच्या आणखी जवळ ओढलं.